‘बघू’ म्हणायचं नाही

नाटक बसवायला घेतलं की नाटक सावकाश बसतं, किस्से मात्र भराभर साठतात. रायस्वाइक या डच गावातल्या आम्हा मराठी मंडळींनी एक जुनं फ्रेंच प्रहसन मराठीत केलं, तेव्हाचे हे. नायकाला गोडगोड, खोटं बोलण्याचा तिटकारा. आणि त्याचा जीव जडलाय जिच्यावर, ती सगळ्यांशी गोडच बोलते! मी इथेच वाढले, शिकले पुण्यात, आणि परत आले ती इथे मराठी रंगभूमी उभी करायचीच असं ठरवून. त्या दिवसांत माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

*

पहिल्याच तालमीला मी नियम केला: ‘बघू’ म्हणायचं नाही. येणार की नाही, ते सरळ सांगायचं. आपण खरेपणावर नाटक करतोय, निदान आपण तरी खरं बोलू या, असं छोटंसं भाषणही ठोकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मग पाळणार ना?” मी नायकाला, मंदारला विचारलं.

“बघू की.”

*

मंदार स्लोटरडाइकला आयटी कंपनीत नोकरीला. नायिका झालेली केतकी त्याची खरीच बायको. आली तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होती; आता तिचं कपड्यांच्या अल्टरेशनचं स्वतःचं दुकान आहे. मंदारला कायमचं पुण्याला परतायचंय. तो विषय काढतो आणि केतकी चहा टाकायला उठते. हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत, कारण तोच सांगतो.

“एकदा खरं काय ते बोल!” हे नाटकातलं वाक्य त्याला मला कधी शिकवावं लागलं नाही.

*

हॉलची किल्ली आन्नेके नावाच्या डच बाईंकडे असायची. एका तालमीला त्या बसून राहिल्या. मंदारने कौतुकाच्या आशेने विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, कंटाळा आला. खरेपणाचा हा पुतळा पुढचा आठवडाभर फुगून होता!

जाताना त्यांनी केतकीला हळूच सांगितलं, भाषा कळली नाही, पण या माणसाचं तिच्यावर प्रेम नाही, नुसता ओरडतोय.

केतकी म्हणाली, “आमच्यात त्यालाच प्रेम म्हणतात.”

*

मंदार-केतकीची मुलगी इरा मराठी समजते, उत्तर डचमध्ये देते. तिने शाळेतल्या मैत्रिणीला शिकवलेला पहिला मराठी शब्द कोणता? ‘बघू’. अर्थ सांगितला, “ने.” म्हणजे नाही.

*

शेवटच्या प्रवेशात नायक विचारतो, हे सगळं सोडून माझ्याबरोबर येशील? ती ‘नाही’ म्हणते, तो एकटा निघून जातो, पडदा. तालमीत केतकीचं ते ‘नाही’ तोंडातच विरायचं. मी चिडायचे. एवढा एक शब्द स्पष्ट हवा, बाकी नाटक बुडालं तरी चालेल, म्हणायचे.

प्रयोगाला हॉल भरला होता. मंदारने वाक्य घेतलं, “हे सगळं सोडून माझ्याबरोबर येशील?” मग थांबला, आणि स्क्रिप्टमध्ये नसलेला शब्द जोडला.

“पुण्याला?”

केतकीने त्या प्रवेशात पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“बघू.”

हॉल कोसळला! सगळ्यात मोठ्याने हसली ती इरा. मंदारने आता निघून जायचं होतं. मी विंगेतून दोन्ही हातांनी ‘जा, जा’ करत होते.

त्याने खुर्ची ओढली, आणि तिच्या शेजारी बसला.