शालनचा न वाळणारा रंग

दाजींचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडत होते. "ताई, आपली शालन गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी चहा ठेवला, जरा टेकते म्हणाली, आणि टेकली ती उठलीच नाही... मेथी तिथेच टाकून मी पिंपरी पेंढारची वाट धरली. त्याला आता महिना उलटून गेला, पण मेथीची जुडी अजून घरात आणलेली नाही.

शालन माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि दाजी तिचे यजमान. चित्रकलेत आम्ही दोघीही काठावर पास. पण शालनची लेक सासरी गेल्यावर माळ्यावर त्या लेकीची तेलखडूंची जुनी पेटी सापडली आणि ह्या बाईला पन्नाशीत खूळ लागलं. दुपारची जेवणं उरकली की ओट्यावर फतकल मारून बसायची. आधी खडू घासायचा, मग अंगठ्याने रंगात रंग मुरवायचा. उन्हाळ्यात खडू लोण्यासारखे मऊ पडत, म्हणून पेटी माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवलेली असे. हात कितीही धुतले तरी नखाच्या कडेला निळा राहायचाच. दाजी भाकरी उलटून बघत विचारायचे, "आज पिठात आभाळ मळलंय का काय?"

मी चिडवायची, बाई, तुझी चित्रं वाळणार तरी कधी?

"ह्यो रंग पुरता कदीच वाळत न्हाई," ती म्हणायची. "म्हून तर मला लई आवडतो. आज चुकलं तरी वरसानं बी हात फिरवता येतो." प्रत्येक चित्रावर बटर पेपर घालून ती ते कपाटावर आडवं ठेवायची.

तिचं सगळ्यात चांगलं चित्र लेण्याद्रीचं. पायऱ्यांवर धापा टाकत बसलेल्या आम्ही दोघी. मला तिने मुद्दाम जाडी काढली होती.

तेराव्यानंतर गेले तर दाजींनी तेच चित्र माझ्या हातात ठेवलं. लॅमिनेशन केलेलं. आमच्याकडे जपायचं म्हटलं की लॅमिनेशन... रेशनकार्ड, आधार, पोरांची सर्टिफिकेटं. त्याच मायेने दाजी ते चित्र घेऊन फाट्यावरच्या दुकानात गेले होते. यंत्राच्या गरम रुळांखाली रंग वितळला. डोंगर पायऱ्यांवर उतरला होता, आणि आम्हा दोघींचे चेहरे एकमेकांत कालवले गेले होते. मी कुठली आणि ती कुठली, काही कळेना.

"मला वाटलं, कायमचं टिकंल," दाजी म्हणाले. "आन् मीच पुसली तिला..."

मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी रडूच फुटलं. त्यांच्यावर रागवावं म्हटलं तरी राग येईना.

परवा पुन्हा गेले. दाजींनी कपाटावरून तिचं शेवटचं चित्र उतरवलं. बाजेवर झोपलेले दाजी, तोंडावर टोपी. त्यांनी अलगद बटर पेपर उचलला. निळ्या चादरीच्या कोपऱ्यात शालनच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ दिसत होती.

"अजून ओलं हाय," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःचा अंगठा ठशाच्या अगदी वर नेला... आणि थोडा वेळ तसाच धरला. मग हात मागे घेतला, रंग लागला नव्हता तरी सदऱ्याला पुसला, आणि चित्रावर कागद पुन्हा झाकला.