वाजलं म्हणजे रिकामं

रिकामं काडतूस हातात आलं की आमची ही आधी ते खालच्या ओठाला लावून फुंकायची. शिट्टी वाजली की म्हणायची, "वाजलं. म्हणजे रिकामं. आता ह्याचं पेन होतं." इथं अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या वसाहतीत कुत्रीसुद्धा हळू भुंकतात. तिथं गॅरेजमधून ती शिट्टी निघाली की मी कानकोंडा व्हायचो. मी तिचं नाव काडतूसबाई ठेवलं. ती खूश झाली. आता ती नाही. आणि मला कुणाचं सांत्वन नको आहे, हे आधीच सांगतो.

माझी शाळा सहावीत सुटली. सगळा जन्म इचलकरंजीला लेथवर लोखंड कातण्यात गेला. मग पोरानं आम्हाला इकडे आणलं. मी सोफ्यावर बसलो आणि हिनं समोरच्या म्हाताऱ्या गोऱ्याला शेंगदाण्याची चटणी चारून त्याचं छोटं लेथ पटकावलं. तो नेमबाजीला जायचा, येताना काडतुसांचा डबा भरून आणायचा. मी हत्यार कसं धरायचं ते शिकवायला गेलो, तर म्हणाली, "अहो, तुम्ही लोखंडावर दादागिरी केली. हे लाकूड आहे. बाजूला व्हा."

पेनाला खाली काडतूस, वर लाकूड नाहीतर शिंग. पण तोडून आणलेलं काही चालायचं नाही. वादळात पडलेली पीचची फांदी, रानात हरणानं टाकलेलं शिंग, नारळाची करवंटी. "पडलेलं उचलायचं," म्हणायची. "काडतूस तरी काय, पडलेलंच असतं."

एका दसऱ्याला इथल्या मराठी मंडळाच्या पूजेत हिनं पाटीशेजारी पेन ठेवलं. अध्यक्षीणबाई धावत आल्या. "काकू, सरस्वतीपुढे बुलेट काय ठेवता? ऑकवर्ड होतं हो."

"आज शस्त्रं पण पुजायची आणि पाटी पण. माझं एकात भागलं," ही म्हणाली.

सगळे हसले. पेन मात्र रुमालाखाली गेलं. रुमालाखाली! जसं काही हिनं चोरून आणलं होतं.

नातीला एक दिलं, तर ती म्हणाली, "आजी, आय कान्ट टेक इट टू स्कूल." तिच्या शाळेत बंदूकवाला आला तर बाकाखाली गप्प कसं लपायचं, ह्याची प्रॅक्टिस घेतात. हिनं ते ऐकलं आणि दिवसभर लेथला हात लावला नाही. संध्याकाळी भाकरी थापताना एकदम म्हणाली, "मेले बंदुका बंद करत नाहीत, माझं पेन बंद करतात."

थंडीत हिच्या पोटात गाठ निघाली. झाडांना पालवी फुटेस्तोवर ही गेली. डॉक्टर फार चांगले होते, असं सगळे म्हणतात. चांगले होते तर गेली कशी?

इकडचं स्मशान म्हणजे ऑफिसच. खाली गालिचा, कोपऱ्यात कॉफी. हिनं स्वतःसाठी केलेलं पीचचं पेन मी हिच्या हातात ठेवलं. तिथल्या टायवाल्यानं ते पाहिलं आणि पोराला बाजूला घेतलं. भट्टीत काडतूस चालत नाही.

"बाबा, दे हॅव रूल्स."

"अरे, रिकामं आहे ते!" मी ओरडलो. सगळे बघायला लागले. त्यांना दाखवावं म्हणून मी पेन ओठाला लावून फुंकलं.

वाजलंच नाही. जन्मभर लेथवर काम केलेला मी, आणि एवढं डोक्यात आलं नाही. पेन झालेलं काडतूस वाजणार कसं? हिनं ते भरलं होतं.

"टेक युवर टाइम, सर," टायवाला गोड आवाजात म्हणाला. कसला टाइम? मी पेन दोन्हीकडून धरून खेचलं. वरचं लाकूड हिच्या मुठीत दिलं. लाकडाच्या आत काडतुसासारखीच पितळेची पातळ नळी असते. ते मी त्याला सांगितलं नाही.

खालचं अर्धं माझ्याकडे आहे. त्यानंच हे लिहितोय. धरायला आखूड आहे, बोटात रुततं. रुतू दे.

पोरगा म्हणतो, गॅरेज मोकळं करू, गाडी आत लागेल. गाडी भिजू दे की. समोरच्या म्हाताऱ्यानं दिलेला शेवटचा डबा अजून भरलेला आहे. मी रोज सकाळी हिच्या स्टुलावर बसून एकेक फुंकतो. सगळी वाजतात.

"बाबा, प्लीज, नेबर्स ऐकतात," सून आतून म्हणते.

मी पुढचं उचलतो.