चौदा दिवसांचा नियम

वसराम फार सभ्य माणूस आहे, आणि त्याच्या सभ्यपणाचाच मला राग येतो. आखाडा बाळापूरला आम्ही दोघं कॉम्प्युटर क्लास चालवतो. त्यानं लिनक्स या विंडोजसारख्या कॉम्प्युटर प्रणालीसाठी बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीचा कीबोर्ड तयार केला आणि त्याचं पॅकेज, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल असा संच, करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. सहा वर्षं लोकांच्या तक्रारी निस्तरल्या, उद्धट माणसालाही ‘आभारी आहे’ लिहिलं. बदल्यात काय, तर पॅकेजच्या पानावर सांभाळणारा म्हणून त्याचं नाव. तांड्यावर तो ते नाव मोबाइलवर काढून सगळ्यांना दाखवायचा.

पॅकेजं ठेवतात त्या साइटवरची रीतही त्यानंच क्लासच्या पोरांना शिकवली. दुसऱ्याचं पॅकेज परस्पर घ्यायचं नाही. आधी त्याला लिहायचं, चौदा दिवस थांबायचं, उत्तर नाहीच आलं तर साइट चालवणाऱ्यांकडे मागायचं. आणि घेतलं तरी जुन्या माणसाचं नाव पानाच्या वरच्या ओळीत राहू द्यायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याची आई रूपाबाई नांदेडला दवाखान्यात होती. सतरा दिवस वसराम तिच्या उशाशी बसून. मेल उघडायचं भान कुणाला? घरी आला तर विकासचा मेल पंधरा दिवसांपूर्वीच येऊन पडलेला, आणि पॅकेज विकासच्या नावावर. विकास त्याच्याच तांड्याचा, त्याचाच विद्यार्थी, आता पुण्यात असतो. वरच्या ओळीतूनही वसरामचं नाव उडवलेलं. आयत्या बिळात नागोबा, दुसरं काय!

मी म्हणालो, “फोन लाव आणि झाप त्याला.”

“काहून? नियमानंच घेतलं त्यानं. मी दवाखान्यात हाये, हे त्याला कसं कळावं?”

त्यानं फक्त मेल केला, नाव परत लावशील का म्हणून. विकासनं कळवलं, पुढच्या वेळी बघू.

दिवाळीत तांड्यावर विकासचा सत्कार ठरला. ‘आपली बोली कॉम्प्युटरवर आणणारा सुपुत्र’ असं बॅनरवर छापलं होतं. शाल घालायला गुरुजी म्हणून वसरामलाच बोलावलं, आणि हा उठून स्टेजवर गेलासुद्धा.

त्यानं शालीची घडी मोडली तेवढ्यात पुढं बसलेली रूपाबाई कौतुकानं म्हणाली, “लई गुणी लेकरू. मी दवाखान्यात व्हते तवा ह्याचा फोन आलता माझ्या मोबाइलवर. वसराम औषध आणाया गेलता. अजून किती दिवस लागतेत, वसराम घरी कधी येतो, सगळं इचारलं बिचाऱ्यानं.”

वसरामचे हात थांबले. विकासनं मान खाली घातली, शालीसाठी की लाजेनं, त्याचं त्याला ठाऊक. लोक टाळ्या वाजवत होते. वसरामनं शाल घातली. मी असतो तर घातली नसती.