सत्तावीस आली वाटतं

माझ्या थोरल्या जाऊबाई तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसायच्या. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, सुटलेला धागा कापायचा, डाग दिसला की शर्ट बाजूला टाकायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार. ती सवय कारखान्याच्या फाटकापाशी थोडीच सुटते? घरी आल्यावर दुधाची पिशवी उजेडात धरून बघायच्या. शेजारीण दोन शब्द गोड बोलली की म्हणायच्या, "आज हिला काय हवंय?" घरात आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो.

अशा बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जवळचं अजून भागत होतं, शर्ट नाकाशी धरला की धागा दिसायचा. लांबचं मात्र सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. हे फक्त मला माहीत होतं, तेही देवाची शपथ घालून सांगितलेलं.

"ऑपरेशन करून टाका ना," मी म्हणायचे.

"आणि रजेवर जाऊ? काजं करणारी हाताच्या दुखण्यानं रजेवर गेली, परत आली तर तिच्या स्टुलावर दुसरी बसलेली. आमच्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांना माझ्या डोळ्यांचं कळलं तर त्या टेबलाजवळ तरी उभी करतील का?"

मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर होतं. सगळं घर त्या टेबलावर उभं होतं.

एक दिवस कामावरून आल्या त्या चप्पल न काढताच म्हणाल्या, "अगं, कुठंतरी पाणी मुरतंय."

"काय झालं?"

"थांब्यावर एक जाड्या असतो. आमच्या कारखान्याला खोकी पुरवतात, त्या शेडमधला. बस आली की स्वतःशीच म्हणतो, 'सत्तावीस आली वाटतं.'"

"बरंच आहे की. तुम्हाला पाटी कुठं दिसते?"

"तेच तर! सतरा येते, बावीस येते, तेव्हा ह्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. नेमकी माझीच आली की फुटतो. तो नसला की एक कॉलेजची पोरगी फोनवर म्हणते, 'ठेवते गं, सत्तावीस आली.' आज बोलता बोलता तिचा तोच फोन कानावर वाजला!"

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. "त्यांना कळलंय. जाड्याला कळलं म्हणजे मास्तरांना कळायला किती वेळ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिसण्याचं सोंग केलं. लांबून एक बस येताना दिसली तशी मान उंच करून मोठ्यानं म्हणाल्या, "आली बावीस." सगळे म्हणाले, "हो हो, बावीसच." कंडक्टर दारातून ओरडला, "चला, सतरा, सतरा!" थांब्यावर कोणी हसलं नाही, की कोणी चूक दाखवली नाही. बाईंचा संशय आणखी पक्का झाला. "कामाशिवाय इतकं सांभाळून कोण घेतं गं? उद्या तू ये. ओळख दाखवायची नाही. फक्त जाड्यावर नजर ठेव."

मी गेले. बाई छत्री घट्ट धरून पुढे उभ्या होत्या, मी मागे खांबाशी. मी एकदा बाईंकडे, एकदा जाड्याकडे बघत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की जाड्याही माझ्यावरच नजर ठेवून आहे. मी सरकले की तोही सरकायचा. शेवटी धीर करून मीच विचारलं, "काका, त्या छत्रीवाल्या बाई रोज येतात का हो?"

"का? तुम्ही कोण?"

"असंच विचारलं."

"असंच नाही. मघापासून त्यांच्यावर डोळा ठेवून आहात. कारखान्याच्या ऑफिसनं पाठवलंय का?"

मी उत्तर देण्याआधीच ती कॉलेजची पोरगी मध्ये पडली, "काकूंना सगळं दिसतं हां! एकदम स्वच्छ!"

मी डोळ्यांचं नावही काढलं नव्हतं.

"आमच्याआधी पाटी वाचतात त्या," जाड्या म्हणाला. "परवा माझ्या कॉलरचा डाग इतक्या लांबून सांगितला."

"माझं तर बटण तुटलेलं सांगितलं," मागून कोणी एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या अंगात तर बिनबटणांचा स्वेटर होता.

बाईंची पाठ माझ्याकडे होती, पण कान तिखट. त्यांनी मान जराही वळवली नाही. खरं सांगून टाकावं असं मला फार वाटलं, पण शब्द दिला होता. मी मनात देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात बस आली. सत्तावीस. मी वाचलं, सगळ्यांनीच वाचलं. पण ऑफिसच्या माणसासमोर नंबर कोण बोलणार? जाड्या नुसता खाकरला. पोरीनं फोन काढला आणि माझ्याकडे बघून परत पिशवीत टाकला. दार उघडलं, तरी कोणी पाऊल उचलेना. सगळे बाईंसाठी खोळंबलेले.

"चढा की! आमंत्रण पाहिजे का?" कंडक्टर ओरडला.

मला राहवेना. बोलायला मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाईच बोलल्या, अगदी खणखणीत. "कितीची आहे हो ही? मला दिसत नाही."

"सत्तावीस!" सगळा थांबा एकदम ओरडला.

सगळ्यांनी मागे होऊन त्यांना आधी चढू दिलं. जाड्या शेवटी चढला. पायरीवरून माझ्याकडे बघून म्हणाला, "द्या आता ऑफिसात कळवून!"

"अहो, त्या माझ्या जाऊबाई आहेत!" मी ओरडले. बस तोवर सुटली होती.

संध्याकाळी बाई आल्या आणि आधी पाणी प्यायल्या. "जाड्यानं सांगायच्या आत मीच मास्तरांना सांगून टाकलं," म्हणाल्या. अजूनही त्याच्यावर भरवसा नाहीच!

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, ऑपरेशन करून या, टेबल तुमचंच आहे."

"म्हणजे झालंच की काम."

"तोंडानं म्हणाले गं. ते मोठ्या टेबलाच्या पलीकडे बसलेले. चेहरा काही मला दिसला नाही. रजा सोमवारपासून टाकलीय. दवाखान्यात तू येशील ना?"