दोन मासिकं, एक शिवण

दोन्ही तळहातांवर दोन मासिकं ठेवायची, डोळे अर्धवट मिटायचे, हात किंचित खालीवर करायचे आणि मग म्हणायचं, "तुलना सांगतो. निकाल तुमचा."

नगरच्या आमच्या वाचनालयात ज्यांचं जाणंयेणं होतं, त्यांना ग्रंथपालांची ही लकब आठवत असेल. वाचनालयात येण्याआधी ते प्राथमिक शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. काळी टोपी, बाहीवर शाईचा एक कायमचा डाग आणि बोलण्यात कधीही न येणारा एक शब्द: 'उत्तम'. कुठलीही गोष्ट दुसरीपेक्षा चांगली आहे असं मास्तर म्हणाल्याचं कुणीही ऐकलेलं नव्हतं.

मी तेव्हा शेजारच्या छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकात उपसंपादक होतो. रोज सकाळी पुण्यामुंबईची दैनिकं वाचायला वाचनालयात जात असे. वाचायला म्हणजे उतरवून घ्यायला. आमच्या 'खास वार्ताहराकडून' येणाऱ्या बहुतेक बातम्या त्या टेबलावरून येत.

एकदा मी मास्तरांना विचारलं, चहा कुठला चांगला, स्टेशनवरचा की बाजारातला? मास्तर विचारात पडले. स्टेशनवरचा जास्त गरम असतो, बाजारातला जास्त गोड. स्टेशनवर बसायला बाक आहे, बाजारात ऐकायला भांडणं आहेत.

"पण तुम्ही कुठला पिता?"

"घरचा," मास्तर म्हणाले.

घरचा चहा मी एकदा प्यायलो. मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनीच, त्यांच्या लग्नाची हकीकत सांगितली. मास्तर तरुणपणी दोन मुली पाहून आले. वडिलांनी पसंती विचारली, तर दोघींची तुलना अर्धा तास सांगितली. "शेवटी मामंजी कंटाळले आणि माझ्या वडिलांना पत्र घातलं," काकू म्हणाल्या. "ह्यांना आजही विचारा, दुसरी कशी होती. नाकडोळ्यांसकट सांगतील." मास्तर बशीत चहा ओतत राहिले. विचारलं असतं तर त्यांनी खरोखरच सांगितलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

महायुद्ध संपलं आणि भिंगारच्या कॅम्पातले गोरे शिपाई मायदेशी जायला लागले. त्यातल्या एका कॅप्टनने जाताना दोन खोकी भरून अमेरिकन मासिकं वाचनालयाला दिली. एका खोक्यातल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर अग्निबाण होते, दुसऱ्यातल्यांवर चेटकिणी. एकात शास्त्राच्या आधाराने रचलेल्या गोष्टी: ग्रहांवरच्या स्वाऱ्या, बोलणारी यंत्रं. दुसऱ्यात भुतं, शाप आणि मंतरलेल्या तलवारी. कागद पिवळा आणि खरबरीत. बऱ्याच अंकांची शेवटची पानं शिपायांनी सिगारेटी पेटवायला वापरलेली.

मास्तरांनी दोन्ही खोकी वाचून काढली आणि त्यांच्या तुलनेची एक वही केली. ती मी पाहिली आहे. डावीकडे अग्निबाण, उजवीकडे चेटकीण. नायक आईला पत्र लिहितो का? डावीकडे नाही; उजवीकडे आई बहुधा मेलेली असते, पण भेटते. स्वयंपाक कोण करतं? डावीकडे उल्लेख नाही, गोळ्या खातात. उजवीकडे सतत काहीतरी शिजत असतं, पण ते खाण्याजोगं नसतं. संकटाला कारण काय? डावीकडे प्राध्यापक, उजवीकडे वारसाहक्क.

मंगळवारी कोर्टाच्या तारखांना आलेले पक्षकार दुपारी सावलीसाठी वाचनालयाच्या ओट्यावर बसत. मास्तर त्यांना एक डावीकडची आणि एक उजवीकडची गोष्ट मराठी करून सांगत आणि कोण कुठे जांभई देतं ते वहीत टिपत. जामखेडकडचा एक शेतकरी बांधाच्या दाव्यासाठी येई. सगळे त्याला आबा म्हणत. चेटकिणीच्या गोष्टीत त्याला काही विशेष वाटत नसे. "ह्यात नवं काय, मास्तर? आमच्या चिंचंवर हाय की एक." अग्निबाणाची गोष्ट मात्र तो पुढे सरकून ऐके. एक माणूस बायकोला घरी ठेवून एकटाच मंगळावर गेला, अशी ती गोष्ट होती.

"तितं पानी हाय का?" आबाने विचारलं.

"नाही. सगळी लाल माती. पाऊस नाही."

"मंग त्ये जामखेडच हाय की! इतक्या लांब कशाला गेला येडा?"

ओटा हसला. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पण आबा हसत नव्हता. "त्यो माघारी येतो का न्हाई, त्येवढं सांगा."

शेवटचं पान फाटलेलं होतं. हवा तो शेवट सांगून मोकळं होणं सोपं होतं. ओट्यावर इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्तर म्हणाले, "पुढच्या तारखेला सांगतो." पुढच्या तारखेलाही तेच म्हणाले. आबाला याचं नवल वाटलं नाही. त्याला कोर्टाची सवय होती.

त्याच सुमारास कार्यकारी मंडळाला कपाटाची जागा हवी झाली. स्वराज्य येऊ घातलं होतं आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी ठेवायला जागा नव्हती. ठरलं असं की मासिकांचा एक गठ्ठा ठेवायचा आणि दुसरा रद्दीत द्यायचा. चिटणीस वकील होते. ते म्हणाले, नव्या राष्ट्राला शास्त्र हवं, अग्निबाण ठेवा. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, भुताखेतांच्या का होईना, पण त्या गोष्टींत पापाला शिक्षा होते, चेटकिणी ठेवा. दोघांनीही एकही अंक उघडलेला नव्हता, त्यामुळे चर्चा बरोबरीची झाली. शेवटी मास्तरांना बोलावलं. मी बातमीसाठी कोपऱ्यात बसलो होतो.

"मास्तर, दोन्ही तुम्ही वाचलीत. कुठला गठ्ठा ठेवायचा?"

"तुलना सांगतो, वकीलसाहेब. निकाल तुमचा."

"अहो, निकाल न्यायाधीश देतात, मी वकील आहे! आणि तुमची तुलना नको. एक नाव सांगा."

मास्तरांचे हात आपोआप तोलायच्या पवित्र्यात वर आले होते. ते त्यांनी खाली घेतले. ठराव झाला: ग्रंथपालांनी रविवारपर्यंत एका गठ्ठ्याचं नाव लेखी द्यावं, न दिल्यास त्यांना कामावरून कमी करावं. अनुमोदन दोघांनीही दिलं. त्या सभेत चिटणीस आणि अध्यक्ष यांचं एकमत झालेली ही एकच बाब.

त्या आठवड्यात वाचनालयात चिंचोक्याच्या खळीचा वास होता. गव्हाचं पीठ रेशनवर होतं, म्हणून मास्तर जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणीला चिंचोक्याची खळ शिजवत. दाभण आणि दोरा घेऊन ते खिडकीशी बसलेले मी रोज पाहिले. वर्तमानपत्रंच बांधत असतील असं मला वाटलं. बातमी समोर असताना ती न दिसणं हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

रविवारी मंडळाने कपाट उघडलं. दोन गठ्ठ्यांच्या जागी जाड पुठ्ठ्याचे खंड ओळीने उभे होते. अध्यक्षांनी एक चाळला. अग्निबाण, मग चेटकीण, मग अग्निबाण, मग चेटकीण. दोन्ही मासिकांची पानं सुटी करून मास्तरांनी एकाआड एक गोष्ट शिवली होती.

"ही काय खिचडी केलीत, मास्तर?" अध्यक्ष ओरडले. "आता एक काढायचं तर दुसरं फाटेल!"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि लेखी मत?"

"मत नाही, साहेब. फक्त बांधणी केली."

खंड राहिले. तसबिरी कपाटावर उभ्या केल्या गेल्या. चिटणिसांनी मला बातमी सांगितली आणि मी ती जशीच्या तशी छापली: 'वाचनालयाचे ग्रंथपाल प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त झाले आहेत.' मास्तरांची प्रकृती ठणठणीत होती. चावी मंडळाच्या हवाली करून ते आणि काकू केडगावला काकूंच्या भावाकडे राहायला गेले. वाचनालयाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांच्या निधनाची बातमीही मीच छापली. तीत मात्र माझी एक ओळ जास्तीची होती, आणि ती संपादकांनी जागेअभावी काढली.

पण मला सांगायचं आहे ते मास्तरांनी वाचनालय सोडल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारचं.

आबा ओट्यावर येऊन बसला होता. नव्या ग्रंथपालांना इंग्रजी येत नव्हतं आणि ओट्यावर पक्षकार बसलेले आवडतही नव्हते. आबा माझ्याकडे वळला. "मास्तर न्हाईत, व्हय? त्यांनी तारीख दिली हुती."

मी तो खंड शोधून काढला. मंगळावरच्या माणसाची गोष्ट सापडली. तो परतीच्या यानात बसतो, खिडकीतून लांबवर एक निळा ठिपका दिसतो, आणि पान संपतं. मी आबाला तेवढं सांगितलं. मग पान उलटलं. समोर चेटकिणीच्या मासिकातली गोष्ट सुरू होत होती: समुद्रकाठच्या एका झोपडीत एक बाई दिवा लावते, दार वाजतं, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला तिचा नवरा दारात उभा असतो. तो जेवत नाही. त्याची पावलं जमिनीवर उमटत नाहीत. पण तो घरात येऊन बसतो.

मी थांबलो.

"म्हंजी आला."

"आबा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वेगळ्या मासिकांतल्या."

आबाने खंड माझ्या हातातून घेतला. त्याला अक्षर येत नव्हतं. दोन गोष्टींच्या मधल्या शिवणीवरून त्याने बोट फिरवलं. तिथे खळीत उमटलेला मास्तरांच्या अंगठ्याचा ठसा वाळून राहिला होता.

"वेगळ्या कशा? मास्तरांनी शिवल्यात न्हवं?" तो म्हणाला. "उशिरा आला, पर आला."

दुसऱ्या गोष्टीतला नवरा खलाशी होता आणि तो वादळात बुडाला होता, हे पुढल्याच परिच्छेदात छापलेलं होतं. चुका दुरुस्त करण्याचा मला पगार मिळे. मी खंड मिटला आणि आबाला म्हणालो, "आला."