लेसरचा झोत आणि जोगकाकांचं मशीन

लगागा लगागा लगागा लगागा… सगळा वर्ग एका सुरात भुजंगप्रयात वृत्त घोकायचा, गुरुजींची छडी टेबलावर ताल धरायची. उशिरा आलेल्यानं दारात थांबायचं आणि पुढच्या ओळीबरोबर आत शिरायचं. तो आवाज मला परवा थेट इंदुरात ऐकू आला.

नात रेवा तिथल्या एका प्रयोगशाळेत आहे. फोनवर म्हणाली, "आबा, या आठवड्यात प्रयोग जमला नाही तर मशीन दुरुस्तीला जाईल. माझं वर्ष गेलं."

"मग मी येतो की!"

"तुम्ही जाऊन काय दिवे लावणार हाय?" आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली. तरी दशम्या बांधून दिल्या.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतून स्टँडपर्यंत रिक्षा, पुण्यात बस बदलून स्लीपर. गुडघे दुखत असतील तर खालचीच जागा मागा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सेंधव्याच्या घाटातला चहा चुकवू नका. इंदुरात उतरल्यावर पोहे-जिलेबी; पोह्यांवर शेव ढीगभर, तिखट मात्र नावाला.

पोहे खाताखाता रेवानं समजावलं. लेसरचा झटका नखाएवढ्या जागेत इलेक्ट्रॉनांना जबरदस्त जोर देतो, पण कुणाला जास्त, कुणाला कमी. मग चुंबकांच्या वळणांवर ते पुढेमागे होतात. तिथून झोत प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनमध्ये शिरतो; त्या मशीनची विजेची लहर पुढच्यांना आवरते, मागच्यांना ढकलते. झोत लहरीच्या नेमक्या ठेक्यावर पोचला, तरच सगळे सारख्या जोरानं बाहेर पडतात!

"म्हणजे वृत्तातली यती, ओळीतला नेमका थांबा, सांभाळायची," मी म्हणालो.

"तेच, आबा!"

पास काढून काचेमागून पाहिलं. पडद्यावर ठिपका यायला हवा होता. आला धुरकट डाग. जुन्या मशीनचे प्रमुख जोगकाका, पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे मराठी, मान हलवत म्हणाले, "या लेसरवाल्यांना घाई फार हो!"

"सर, अजून एकदा," रेवा त्यांच्याकडे वळून म्हणाली.

"बघू, बेटा."

मी मध्येच बोललो, "आमच्या वर्गात उशिरा आलेल्यालाही पुढच्या ओळीला आत घ्यायचे की."

"आबासाहेब, इथे पापणी लवायच्या आत ओळ संपते!" ते हसले, पण हो म्हणाले नाहीत.

परतीच्या बसपर्यंत त्यांनीच स्कूटरवरून सोडलं. मी सवयीनं म्हटलं, "या की एकदा कोल्हापूरला!"

"येतो," म्हणाले. निघताना सगळेच म्हणतात.

घरी आल्यापासून रेवाचा फोन नाही. पोहे, घाट सगळं पुसट झालं. काचेपलीकडची तिची ताठ पाठ तेवढी डोळ्यांपुढून हलेना. आज सकाळी हे लिहीत बसलो होतो, तर बेल वाजली.

"बघा की, कोण पावणं आल्यात!" ही ओरडली.

दारात जोगकाका, हातात शेवेचं पुडकं. "सांगलीला बहिणीकडे चाललो होतो, वाट वाकडी केली. रेवाला म्हटलं, तू फोन करायचा नाहीस, मीच सांगणार." दम घेऊन म्हणाले, "गेला हो तिचा झोत, माझ्या मशीनमधून सरळ गेला!"