सड्यावरचं टू बीएचके

मैत्रिणींनो, आज नातीबरोबर मुलुंडच्या मागचा डोंगर चढले, या गुडघ्यांनी! वर आमच्या कोकणासारखा मोकळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि त्यावर जांभळी फुलं. नाचायचं तेवढं बाकी होतं.

तिथे एक बाई घर मिळावं म्हणून दगडावर दगड रचत होती. आणि बाजूलाच बोर्ड, राखीव जंगल आहे, दगड हलवू नका!

तिने उचललेल्या दगडाखाली पालीची दोन अंडी, उन्हात उघडी पडलेली.

म्हटलं, "अगं, ठेव तो परत!"

"आजी, टू बीएचके मागतेय ना, एक दगड कमी पडतोय."

डोकंच फिरलं माझं! दगड हिसकावला, हळूच जागेवर ठेवला. म्हटलं, "त्या पालीचं छप्पर काढून तुला कुठला देव घर देणार गं?"

तुमच्यापैकी कोणी रचलेत असे दगड? खरं सांगा.